प्रयोगाचा हात

आदरणीय विहीणबाई यांस,

व्याह्यांचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समजावा. प्रत्यक्षात जमिनीवर आडवा झालो तर उठवायला आमच्या जुन्या केंद्रावरून शिडीची गाडी मागवावी लागेल, आणि निवृत्त माणसासाठी ती येईलच अशी खात्री नाही.) हे पत्र टपालाने न पाठवता हस्ते पाठवतो आहे. पत्र आणणाऱ्या इसमाला ग्लासभर पाणी द्यावं, पण पत्र वाचून होईपर्यंत बसायला सांगू नये. उभा राहू दे. काही वाक्यांच्या आधी मी कंसात 'मोठ्याने' असं लिहिलं आहे. तेवढी वाक्यं कृपा करून मोठ्याने वाचावीत, बाकीची मनात. याचं कारण पत्राच्या शेवटी दिलं आहे. उभी हयात आगीच्या बंबावर गेल्यामुळे हुकूम आधी आणि कारण नंतर, ही सवय अंगात मुरली आहे, त्याबद्दल राग नसावा.

आपली प्रकृती कशी आहे? हाताची थरथर वाढली, कमी झाली, की आहे तशीच आहे? डॉक्टर म्हणाले होते की हा वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही, फक्त कपातला चहा बशीत येतो. इथे कुणी विचारलं की सगळे सांगतात, आजी हवापालटाला गेल्या आहेत. तुमच्या धाकट्या लेकीच्या गावी मी एकदा येऊन गेलो आहे. तिथेही तीच धूळ, तोच धूर आणि तेच हॉर्न. हवेत मला काही पालट दिसला नव्हता. तेव्हा आपण दोघं पिकली पानं आहोत, एकमेकांशी खरं बोलू. त्या दिवशी प्रयोग करताना तुमच्या हातून गरम पाण्याचं भांडं निसटलं, पाणी नातवाच्या पायाशी पडलं (पायाशी, पायावर नाही, हा फरक आमच्या खात्यात फार मोठा मानतात), आणि तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे जावईबापू, एवढंच म्हणाले की आई, आता पुरे. तुम्ही उलट शब्द बोलला नाहीत. परीक्षानळ्या पुसल्यात, कापसात गुंडाळून खोक्यात ठेवल्यात, या हाताने आता काच धरणार नाही असं सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसलात. (मोठ्याने:) शाळेत रसायनशास्त्र शिकवण्यात जिचा जन्म गेला आणि दर रविवारी नातवंडांना ते शिकवण्यात जिचा जीव रमला, तिने एवढ्याशा बोलण्यावरून खोकं बांधावं हे मला पटलेलं नाही, आणि तिला असं बोलावं हे तर मुळीच पटलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर इथे काय झालं ते सांगतो. थोरली नात, जिला आपण वकीलसाहेब म्हणतो (ती जेवायला बसतानाही आधी हरकत नोंदवते), तिने जाहीर केलं की आजी नाही तर रसायनशास्त्र नाही. धाकटा डिंक्या (हे नाव तुम्हीच ठेवलंत, एकदा चिकटला की सुटत नाही म्हणून) तुमच्या खोक्याला टेकून बसला तो उठेना. शेवटी माझ्या लेकीने आणि जावईबापूंनी मिळून एक क्लास शोधला. तो पाहायला मी जातीने गेलो. तिथे मुलांना पांढरे कोट घालतात, रांगेत बसवतात आणि पडद्यावर प्रयोग दाखवतात. पडद्यावरच्या बाईंच्या हातून काही सांडत नाही, कशाचा वास येत नाही, आणि लिंबात काय असतं असं विचारलं की सगळी मुलं एका सुरात आम्ल म्हणून ओरडतात. एकाही मुलाच्या बोटाला डाग नव्हता. मला ते पाहून भडभडून आलं. घरी येऊन मी सांगून टाकलं की मुलांची नावं तिथे घालू नका, विहीणबाई परत येईपर्यंत मी शिकवतो. बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की मला रसायनशास्त्रातलं फक्त विझवता येतं.

पहिल्या रविवारी स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, तुमच्याच त्या दगडी ओट्यापाशी, वर्ग भरवला. म्हणजे वाळूची बादली, ओली पोती, दोन घोंगड्या, मुलं आणि मी. आधी मुलांना बाहेर पडायचे मार्ग दाखवले. मग आग लागली आहे असं धरून दोघांना तोंडाला ओला रुमाल लावून स्वयंपाकघरातून रांगत जिन्यापर्यंत नेलं. मग परत आणलं, कारण डिंक्या वाटेत फ्रीजपाशी थांबला होता. मग पुन्हा नेलं. वकीलसाहेबांनी हरकत घेतली की आजचा प्रयोग लिंबाच्या रसाचा आहे आणि लिंबू पेट घेत नाही. मी म्हटलं, मी आयुष्यात पाहिलेल्या निम्म्या आगी 'हे पेट घेत नाही' असं कुणीतरी म्हटल्यावरच लागल्या होत्या. तिने तो मुद्दा मान्य केला. पण हे सगळं होऊन लिंबू कापायची वेळ आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती आणि ते लिंबू माझ्या लेकीने ताटात घेतलं. अशा रीतीने पहिला वर्ग कोणतीही जीवितहानी न होता पार पडला. रसायनशास्त्रही झालं नाही, ही गोष्ट अलाहिदा.

पुढच्या वेळी तुमचा जांभळ्या कोबीचा प्रयोग घेतला. कृती वकीलसाहेबांना तोंडपाठ होती: कोबी चिरायचा, उकळायचा, गाळायचा, मग त्या पाण्यात लिंबू पिळलं की गुलाबी आणि खायचा सोडा टाकला की निळं. पण तुम्ही मूठभर पानं घेता हे मला कुणी सांगितलं नाही. मी अख्खा गड्डा घातला. (आमच्या खात्यात कमी पडणं हा गुन्हा, जास्त झालेलं खपतं.) मोठ्या पातेल्यात तो इतका वेळ रटरटला की वास जिन्यातून खाली उतरला. खालच्या मजल्यावरचा शिंपी नाकाला टेप लावून विचारायला आला की गटार तुंबलं का. माझ्या लेकीला तीच शंका आली होती, तिने नळवाल्याला आधीच बोलावलं होतं. नळवाल्याने मोरीची जाळी काढली, वाकून पाहिलं, हुंगलं आणि म्हणाला, इथे सगळं स्वच्छ आहे, तुमच्या पातेल्यात बघा. एवढं झाल्यावर गाळायला कापड सापडेना. दोरीवर एक पांढरं फडकं होतं ते घेतलं. ते फडकं नव्हतं, जावईबापूंचा ऑफिसचा सदरा होता. तो जांभळा झाला. धुवायला घेतला तर साबण लागला तिथे हिरवा झाला. घाबरून लिंबू चोळलं तर गुलाबी झाला. वकीलसाहेबांच्या मते घरात आजवर झालेला हा सर्वांत मोठा प्रयोग आहे. मी जावईबापूंपुढे तो सदरा धरला तेव्हा मला वाटलं होतं, आता माझाही हवापालट ठरलेला. पण ते रागावले नाहीत. बोट फिरवत म्हणाले, इथे आम्ल, इथे साबण, आईने मला लहानपणी दाखवलं होतं. त्यांनी तो सदरा खुंटीला लावून ठेवला आणि येता-जाता ते त्याच्याकडे बघतात. (मोठ्याने:) माणूस मुळात वाईट नाही.

मग आला व्हिनेगर आणि सोड्याचा प्रयोग. तुम्ही बाटलीच्या तोंडाला फुगा लावता आणि तो आपोआप फुगतो, हे डिंक्या मला पुन्हा पुन्हा सांगत होता. घरात फुगा नव्हता. शिवाय फसफस ऐकली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. गळती दिसली की बंद करायची, एवढंच मला शिकवलेलं. मी बाटलीला बूच लावलं आणि चांगलं दाबून बसवलं. मग ते बूच सुटलं, छताला लागलं, तिथून भिंतीवरच्या घड्याळाला लागलं आणि घड्याळ खाली आलं. माझ्या तोंडून सवयीने 'खाली झोपा!' अशी आरोळी निघाली. मुलं पटकन आडवी झाली (सराव वाया जात नाही बघा), पण पुढच्या खोलीत नवीन सदऱ्याचं माप घ्यायला आलेला शिंपी आणि माप द्यायला हात पसरून उभे राहिलेले जावईबापू, हे दोघंही फरशीवर पालथे पडले. सगळ्यांत आधी डिंक्या उठला आणि समजावणीच्या सुरात मला म्हणाला की आजोबा, आत तयार झालेल्याला जायला जागा लागते. हे वाक्य तुमचं आहे, मी ओळखलं. त्यानंतर मी फुगे आणले आणि ते वाक्य बरेच दिवस मनात घोळवत राहिलो. गेल्या काही दिवसांत या घरात किती गोष्टींना बूच लावलेलं आहे, ते मोजायला नको.

एक गोष्ट मात्र तुम्हाला पत्रातूनच सांगता येईल, समोर असता तर मला जमलं नसतं. एका रविवारी वकीलसाहेबांनी एका तसराळ्यात मेणबत्ती उभी केली आणि मला पेटवायला सांगितली. माझा हात पुढे होईना. तिने स्वतः पेटवली. मग जगमध्ये सोडा आणि व्हिनेगर घालून फसफस शमू दिली आणि तो जग ज्योतीवर हळूच कलता केला. आतलं पाणी सांडलं नाही. बाहेर काहीच आलेलं दिसलं नाही. आणि ज्योत विझली. तिने पुन्हा पेटवली, पुन्हा तसंच. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, ओतला की खाली उतरतो आणि ज्योतीला हवा मिळू देत नाही, असं तिने मला समजावून दिलं. विहीणबाई, ती लाल नळकांडी खांद्यावर घेऊन मी किती जिने चढलो असेन, आत कोणता गॅस आहे ते मला पाठ होतं. पण तो असा मायेने, बाळाला दूध द्यावं तसा ओततासुद्धा येतो, हे मला माझ्या नातीने दाखवलं आणि तिला तुम्ही. मी ओट्यावरच बसून राहिलो. जन्मभर आगीशी झुंजलो, पण तिच्याकडे निवांत बघायला मला कधी सवडच मिळाली नव्हती. तुम्ही या पोरांना काय देत होता ते मला त्या दिवशी समजलं, आणि पोरांचं काय हिरावलं गेलं आहे तेही.

आता मुख्य घटना. निळं झालेलं कोबीचं पाणी थेंब थेंब व्हिनेगर सोडून पुन्हा जांभळ्यावर आणायचं, हा तुमचा लाडका प्रयोग. थेंब कमी पडला तर निळं, एखादा जास्त झाला तर गुलाबी. मी ग्लास ओट्यावर पक्का ठेवला, हलू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं आणि थेंब सोडायला लागलो. वर गुलाबी डाग आणि तळाला निळं तसंच. आणखी सोडले तर सगळंच गुलाबी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेव्हा डिंक्याने मला बाजूला सारलं, ग्लास डाव्या हातात घेतला, आणि त्याचा तो हात थरथरायला लागला. बारीक, भरभर, न थांबता. मी दरडावलं की हात स्थिर धर. त्याने ऐकलं नाही. उजव्या हाताने तो थेंब सोडत गेला आणि प्रत्येक थेंब पडल्या पडल्या मिसळत गेला, आणि बघता बघता ग्लासातलं पाणी वरपासून खालपर्यंत सारखं जांभळं झालं. मी शाबासकी दिली आणि विसरून गेलो. माझी अक्कल विझवण्यापुरतीच, हे मी वर लिहिलंच आहे.

पण डिंक्या विसरला नाही. तो दुधाचा ग्लास घेताना हात थरथरवायला लागला. मग दात घासताना पाण्याचा मग धरला की थरथर. माझ्या लेकीच्या ते लक्षात आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजींचा कंप एवढ्याशा पोरात उतरला की काय, या भीतीने घरात दिवसभर कुणाला घास गेला नाही. तुमच्याच डॉक्टरांकडे आम्ही सगळे गेलो: पेशंट, त्याचे आईबाप, मी, आणि पेशंटतर्फे वकीलसाहेब. डॉक्टरांनी त्याला नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट सरळ नाकावर. चॉकलेट दिलं, त्याने वेष्टन असं सोडवलं की घड्याळजीने पाहत राहावं. मग पाण्याचा कप दिला आणि हात लटलटा हलायला लागला. माझ्या लेकीने डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी विचारलं की बाळा, कप घेतला की हाताला काय होतं. डिंक्याला प्रश्नाचं नवल वाटलं. तो म्हणाला, ''हा प्रयोगाचा हात आहे. आजीचा असतो ना, तसा. याच्याने नीट मिसळतं.'' डॉक्टर स्वतःच्या हाताकडे बघायला लागलेले पाहून त्याला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, ''तुम्हाला येत नाही का? मलापण आधी येत नव्हता. सवयीने जमतो.''

म्हणजे पोराला इतके दिवस वाटत होतं की तुमचा हात मुद्दाम हलतो. ती तुमच्या विद्येतली खुबी आहे, मोठं झाल्यावर येणारी, आणि म्हणून तो गुपचूप तिचा सराव करत होता. त्याच्या मते तुम्ही रसायनशास्त्र सोडून गेलात, कारण घरात कुणालाच तो हात जमत नव्हता. जावईबापू उठले आणि भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा दिसत नव्हतं, हे त्यांच्या पाठीकडे बघून मी सांगू शकतो. परतीच्या वाटेवर मी वकीलसाहेबांना मागे ठेवून हळूच म्हटलं की आजीचं ते दुखणं आहे, हे धाकट्याला तूच नीट समजावून सांग. ती चालता चालता म्हणाली, ''मला माहीत आहे हात का हलतो ते. पण मिसळतं हे खरं आहे ना, आजोबा?'' मी अनेक चौकशी समित्यांना तोंड दिलं आहे. या वकिलापुढे मी मान डोलावून मुद्दा मान्य केला.

विहीणबाई, स्पष्ट लिहितो. तुमच्यावाचून हे घर ओकंबोकं झालं आहे. मी शिकवतो आहे, पण मुलं मला सांभाळून घेतात आणि ते मला कळतं. रसायनशास्त्र माझ्याकडून फार दिवस व्हायचं नाही, आणि मी थांबलो की पांढरे कोट शिवायला शिंपी टपलेलाच आहे. तुम्ही या. गरम पाणी, जळती मेणबत्ती, काडेपेटी, हे सगळं मी धरीन. त्यासाठीच तर मला सरकारने इतकी वर्षं पोसलं. जळण्याचं खातं माझ्याकडे आणि मिसळण्याचं तुमच्याकडे, अशी वाटणी करू. तुमचं खोकं मी उघडलेलं नाही. एकही परीक्षानळी फोडलेली नाही (फुटलं ते घड्याळ). लहानांना आशीर्वाद, तुमच्या लेकीला नमस्कार. 

आपला,
व्याही
(निवृत्त, परंतु सज्ज)

ता. क. कोबीची मूठभर पानं म्हणजे तुमची मूठ की माझी, ते सवडीने कळवावं. पत्र केवळ त्याचसाठी लिहिलं. घाई नाही.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. खोटा आहे. घाई आहे. डिंक्याला सर्दी झाली आणि शिंकतानाही तो हात हलवतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आता कारण. हे पत्र लिहून द्या असं मला पत्र आणणाऱ्या इसमानेच सांगितलं, कारण त्याला शब्द सुचत नाहीत. लहानपणापासूनचं आहे, हे तुमच्याइतकं कोण जाणतं. मी म्हटलं, घरची सगळी हकिगत लिहीन, पण माफी लिहिणार नाही, ती ज्याची त्याने तोंडाने मागायची. पत्र मी मुद्दाम लांबवलं आहे. कोबी दोन ओळींत उरकला असता, पण मग त्याला तुमच्यासमोर एवढा वेळ उभं राहावं लागलं नसतं. नवा सदरा शिवून तयार असताना तो त्या डागाळलेल्या सदऱ्यातच गाडीत बसला आहे. मी अडवलं नाही. तुम्ही दिलेला पाण्याचा ग्लास अजून त्याच्या हातात असेल. वर नजर करून बघा, पाणी हलतं आहे का. हलत असेल तर त्याला आता बसायला सांगा.